गुणाजींच्या गाऱ्हाण्याची नक्कल

इंटरनेट नसतानाही एका मोबाइलमधले फोटो-व्हिडिओ शेजारच्या मोबाइलवर, तिथून पुढच्यावर आपोआप कसे जातील, यावर सुबोध परब पीएचडी करत होता. चाचणीसाठी त्याने वाकोल्यातल्या आपल्याच चाळीची सत्यनारायणाची पूजा निवडली. पोरगा आपला, म्हणून सगळ्यांनी कौतुकाने त्याचं ॲप टाकून घेतलं.

त्याने पूजेचे फोटो सोडले आणि घराघरांतले मोबाइल वाजले. झकास! पण शहाण्याने फोल्डर तपासलं नव्हतं. त्यात कॉलेजातल्या मित्रांना हसवायला केलेला व्हिडिओ होता: खांद्यावर टॉवेल टाकून, हेल काढून, सुबोध वडिलांच्या, गुणाजींच्या, मालवणी गाऱ्हाण्याची नक्कल करतोय.

गेलेलं परत घ्यायची सोयच त्याने केली नव्हती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुणीच हसलं नाही.

दरवर्षी देवापुढे चाळीसाठी गाऱ्हाणं गुणाजीच घालायचे, आणि सारी चाळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. त्यांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, चष्मा पुसला आणि नारळ उचलून मुलाच्या हातात दिला.

“आज तूच घाल रे गाऱ्हाणां. तुका माझ्यापेक्षा बरां येता.”

सुबोध नारळ घेऊन देवापुढे उभा राहिला. आणि सगळी चाळ हात जोडून, ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला थांबलेली.