ओल्या गोवऱ्यांची टोपली

ती टोपली मला आजही आठवते. गोवऱ्यांची होती. चोरीचा माल तिच्यातच होता, आणि चोरणारीच्या डोक्यावर ती मी स्वतःच्या हातांनी चढवून दिली. अंगावर कडक इस्त्रीची वर्दी, खांद्यावर दोन नवे कोरे तारे. नातवंडांना माझ्या पराक्रमाच्या गोष्टी सांगते, त्यांत ही टोपली येत नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा विलायतेहून माणसं स्वतःची गाडी चालवत हिंदुस्थानात येत. नागपूर पडलं देशाच्या मधोमध, त्यामुळे त्यांतली बरीच आमच्या हद्दीतून जात. अमरावती रोडवर वाडीजवळ त्यांना लुटायची एक ठरलेली रीत होती. एक सायकलवाला गाडीच्या पत्र्यावर थाप मारून ओरडे, "ऑइल! ऑइल!" चाकाखालचं जळकं तेल त्यानंच सांडलेलं असे. नवरा-बायको दोघंही उतरून गाडीखाली वाकत आणि पलीकडच्या दारातून पिशवी जाई. आपला ट्रकवाला अशा वेळी क्लीनरला उतरवतो, स्वतः जागा सोडत नाही. परदेशी माणसाला हे कोण शिकवणार?

त्या दुपारी नाक्यावरून फोन आला तसे हवालदार आणि मी जीपनं पोहोचलो. एक इंग्रज जोडपं रस्त्याकडेला बसलेलं. बाई पोटुशी होती. बाळंतपणाच्या आत घर गाठायचं म्हणून परत निघालेली, आणि चोरलेल्या पिशवीत दोघांचे पासपोर्ट. त्यांच्याशिवाय सरहद्द ओलांडता येणार नव्हती. ती रडत नव्हती, नुसती पोटावर हात ठेवून रस्त्याकडे बघत होती. शेजारी एक बाई गोवऱ्यांची टोपली खाली ठेवून पदरानं तिला वारा घालत होती.

"सावलीत बसवा नं तिले," ती मलाच दटावून म्हणाली. "भरल्या पोटाची हाये."

मला तिचं फार कौतुक वाटलं. पंचनामा झाला. गर्दी पांगली. तीही निघाली आणि म्हणाली, "बाई, जरा हात लावता काय टोपलीले?"

मी लावला. "काहून वं, इतकी जड?"

"वल्ल्या हायेत नं, बाई."

झालं. टोपली गेली.

ठाण्यात मी मेमसाहेबांचा जबाब घेतला. सायकलवाला शेवटी काय ओरडला, असं विचारल्यावर त्या आठवून आठवून म्हणाल्या, "आटा झाय वा." मी खुर्चीतून उडालेच. आटा! वाडीच्या गोदामावर पिठाचा ट्रक उभा होता. त्याच्या क्लीनरला उचलून आणला आणि मी टेबलावर काठी आपटत चौकशी सुरू केली.

"पासपोर्ट कहाँ है?"

"मॅडम, मेरे पास तो सिर्फ आटा है," तो बिचारा म्हणाला. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या होत्या.

हवालदार खिडकीबाहेर बघू लागले. त्यांचे खांदे हलत होते, मी दुर्लक्ष केलं.

एवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. शेजारणीच्या बकरीची तक्रार घेऊन ती रोज यायची. मी वैतागून म्हणाले, "आता जाय वं माय, उद्या येजो!"

आणि माझं मलाच ऐकू आलं. आता जाय वं.

आमच्याकडे पुरुषाला 'गा' म्हणतात, बाईला 'वं'. सायकलवाल्यानं कुणा बाईला पळायला सांगितलं होतं, आणि मेमसाहेबांखेरीज तिथं बाई एकच होती, टोपलीवाली; पळायच्या ऐवजी ती वारा घालत बसली होती. मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. ओल्या गोवऱ्या टोपलीत कोण भरतं? त्या भिंतीवर थापलेल्या असतात, वाळल्याशिवाय निघत नाहीत. माझं लहानपण खेड्यात गेलं, मी स्वतः शेकड्यानं थापल्या होत्या. पण तारे लागल्यावर शेण विसरले.

"हवालदार, जीप काढा!"

"पिठाच्या गिरणीत जायचं काय, बाईसाहेब?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

नाक्यावर विचारत विचारत वस्ती गाठली. बाई चुलीपुढं बसलेली, चूल धडधडून पेटलेली.  पैसे काढून घेऊन पासपोर्टची पुस्तकं जाळली असली तर? मी चुलीतली लाकडं बाहेर ओढली, हात भाजून घेतला. आत नुसती वांगी भाजत होती. इकडे हवालदारांनी शांतपणे गोवऱ्यांचा ढीग उपसला आणि तळातून पिशवी काढली. पासपोर्ट दोन्ही होते, शेणाचा वास तेवढा लागला होता.

मेमसाहेबांनी ते पासपोर्ट नाकाशी धरले, तोंड वाकडं केलं आणि खदखदून हसल्या. मग रडल्या. मीही बाहेर व्हरांड्यात जाऊन डोळे पुसले. क्लीनरची माफी मागितली, चहा पाजला. सायकलवाला त्या बाईचा नवरा निघाला, संध्याकाळी तोही सापडला.

पुढं नोकरीत मी एक नियम पाळला. घटनास्थळी जो सर्वांत जास्त मदत करतो, त्याचं नाव-गाव आधी विचारायचं. आणि खेड्यात शिकलेलं काही टाकून द्यायचं नाही.

त्या बाईला कोठडीत नेताना मी रुबाबात दाराशी उभी होते. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि साऱ्या ठाण्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "टोपली तं तुम्हीच उचलून देल्ली नं, बाई? मंग मी एकटीच काहून अंदर?"