आतोबांनी घरी धुतलेली फिल्म

अख्ख्या नगर जिल्ह्यात माझ्या आतोबांएवढा संशयी माणूस झाला नसेल. दूधवाल्यावर सगळेच संशय घेतात. आतोबांचा म्हशीवरही होता. टपालपेटीत पाकीट टाकलं की ते फटीला कान लावून 'पडलं' याची खात्री करून घेत. शेवगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या अशा माणसाला आफ्रिकेहून परतलेल्या मित्रानं आठ मिलिमीटरचा, चावी देऊन चालणारा मूव्ही कॅमेरा आणि फिल्म दाखवायचं यंत्र भेट दिलं, हे काही बरं झालं नाही.

पहिली फिल्म धुवायला मुंबईला पाठवली. ती परत आल्यावर आतोबांनी घड्याळ हातात धरून पाहिली. "पोळ्याच्या मिरवणुकीत पाटलांचा बैल मान हलवतो, तेवढंच नाही. कुणीतरी कापून घेतलं!" मुंबईच्या माणसाला शेवगावचा बैल कशाला हवा, असं मी विचारलं. "तेच तर कळत नाही," ते आवाज खाली आणून म्हणाले. त्या दिवसापासून फिल्म घरीच धुवायची असं ठरलं.

माजघराच्या खिडकीवर घोंगड्या ठोकल्या. सुताराकडून रहाटासारखं लाकडी चक्र करून घेतलं. त्यावर फिल्म गुंडाळायची, खाली औषधाची परात ठेवायची आणि मिट्ट काळोखात मिनिटं मोजत चक्र फिरवत बसायचं. औषधांतला हायपो दिसायला थेट खडीसाखर. आत्या तो देवापुढं ठेवील या भीतीनं त्यांनी त्या बरणीवर 'विष' असं लिहिलं. मग औषधात चुकून साखर पडेल अशी शंका आली, म्हणून साखरेच्या बरणीवरही 'विष' लिहिलं. त्यांच्याकडं पाहुणे चहा नको म्हणू लागले ते तेव्हापासून.

बहात्तरच्या दुष्काळात मात्र गावच आतोबांवर संशय घेऊ लागलं. भरदुपारी दार बंद, आतून उग्र वास, आणि प्यायला पाणी नसताना हा माणूस बादली घेऊन आत जातो! शेजारच्या रंभाजीनं चौकीत जाऊन सांगितलं, गुर्जींनी हातभट्टी लावलीय. रंभाजीची आई नुकतीच गेली होती. तो आधीच साऱ्या जगावर चिडलेला.

मी सुट्टीला तिथंच होतो. जमादार आले, मागं रंभाजी आणि निम्मी आळी. आतोबा आत चक्र फिरवत होते. आत्या सूप घेऊन उंबऱ्यावर आडवी बसली.

"बाई, दार उघडा."

"न्हाई उघडायचं. उजेडानं आतलं समदं जळंल."

"म्हंजी? दारूगोळा हाय का काय?"

"दारू न्हाई अन् गोळा न्हाई. आत रंभाजीची आई हाय."

जमादार एक पायरी खाली उतरले. रंभाजीचं तोंड पांढरं पडलं. बऱ्याच वेळानं कडी वाजली आणि आतोबा ओली, ठिबकणारी फिल्म घेऊन बाहेर आले. "कुणी हात लावायचा नाही!" हे त्यांचं पहिलं वाक्य.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला अंगणात धोतर ताणून बांधलं आणि त्यावर रंभाजीची आई चालू लागली. कडब्यात तोंड घालणाऱ्या शेळीवर तिनं वहाण फेकली, नेम चुकला आणि ती बोळकं पसरून हसली. फिल्म मुकी होती, पण ते हसू आम्हां सगळ्यांना ऐकू आलं.

"गुर्जी," रंभाजी म्हणाला, "आजून येकडाव लावा की."

आतोबांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. मग रीळ मागं गुंडाळलं. त्या संध्याकाळी त्या शेळीवर किती वेळा वहाण पडली, कोण जाणे.

आतोबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी आत्यानं मला बोलावून सगळी रिळं लावायला सांगितली. पोळा, जत्रा, छावणीतली जनावरं, पापड लाटणारी आत्या, सारं होतं. आतोबा कुठंच नव्हते. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात त्यांनी कधी दिलाच नव्हता. शेवटच्या रिळात क्षणभर चित्राच्या कडेला कसलीशी सावली आली. भिंगासमोर आलेलं त्यांचं बोट होतं ते.

"थांब," आत्या म्हणाली.

यंत्र मध्येच थांबवलं तर दिव्याच्या धगीनं फिल्म करपते. म्हणून मी रीळ मागं घेतलं आणि पुन्हा सुरू केलं. आत्या पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसली होती.

"बघ," ती म्हणाली, "नखं कधी येळंवर काढली न्हाईत."