भाऊजींचा होकार

माझे धाकटे दीर पत्र्याच्या पेट्या करायचे. कुणाला कपडे ठेवायला, कुणाला धान्याला, कुणाचा पोरगा परगावी शिकायला निघाला म्हणून त्याला. पत्रा कापायचा, वाकवायचा, कडा ठोकून बसवायच्या, आणि झाकण नीट लागलं की वरून आणखी एक हातोडी उगीचच, पेटीला शाबासकी दिल्यासारखी. जन्मभर ते ठोकत राहिले आणि पत्रा त्यांच्या कानात ओरडत राहिला. होता होता पत्र्याखेरीज दुसऱ्या कुणाचं त्यांना ऐकू येईनासं झालं, आणि मग पत्र्याचंही.

हे कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही, कारण माझी जाऊ होती. आल्यागेल्याने काही विचारलं की तेच ती त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणायची. "अहो, तब्येत विचारतायत तुमची." लोकांना वाटायचं, हिला मध्ये मध्ये बोलायची खोड आहे. तिने ते नाव अंगाला लावून घेतलं, पण नवऱ्याला बहिरा म्हणवून घेतलं नाही.

ती गेली आणि भाऊजी मान डोलवायला लागले. कुणी काहीही बोललं की मान हलवायची आणि "हो, हो" म्हणायचं. भाजीवाल्याने विचारलं की मान, मग एकट्या माणसाच्या खोलीत पोतंभर कांदे. शेजारच्याने मांजराचं पिल्लू दाखवून काहीतरी विचारलं, यांनी मान हलवली. ते मांजर अजून आहे. एकदा तर वाटेत भेटलेल्या एकाने आपली आई गेल्याचं सांगितलं आणि हे हसून म्हणाले, "छान, छान." तो माणूस अजून आमच्याशी बोलत नाही.

दर रविवारी ठरल्या वेळी त्यांच्या मुलाचा फोन यायचा. मुलगा लांब असतो, तिकडेच संसार. भाऊजी फोन कानाला लावून अंदाजाने थांबत थांबत बोलायचे: हो, बरं आहे, हो का, असू दे. बराच वेळ चालायचं. मग खाली येऊन मला कौतुकाने सांगायचे, "पोरगं फार बोलतं हो वहिनी. आईवर गेलंय."

ते वरच्या खोलीत, आम्ही खाली. जेवायला आमच्यातच असायचे. पण माझ्या घरी लेक-सून-नातवंडं सगळी एकदम बोलणारी, त्यात हे चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलेल्या माणसासारखे बसायचे. ताट रिकामं झालं की उठून वाचनालयात. तिथे त्यांना का करमायचं, ते मला पुढे कळलं. अक्षरं जुळवायला मी म्हातारपणी तिथल्याच बायकांच्या वर्गाला जाऊ लागले, तेव्हा. वाचनालयात सगळेच गप्प. कोण बहिरा आणि कोण शहाणा, कुणाला कळायला मार्गच नाही.

एक दिवस ते घाईघाईने माझ्याकडे आले. "वहिनी, वाचनालयाच्या बाईंना मी कशाला तरी हो म्हणून आलोय. फार खूश झाल्या. शनिवारी या म्हणाल्या बहुतेक. जरा विचारून येता का, कशाला?"

मी विचारून आले. ज्या मुलांना वाचताना अडखळायला होतं, ज्यांना वर्गात हसतात, त्यांच्यासाठी बाईंनी नवीन काहीतरी काढलं होतं. मुलाने मोठ्याने वाचायचं आणि समोर एका म्हाताऱ्या माणसाने बसून ऐकायचं. चूक काढायची नाही, मध्ये बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं.

"तुम्हाला ऐकायला बसवलंय, भाऊजी," मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

ते हसले. जाऊ गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. डोळे पुसून म्हणाले, "बाईंना सांगू नका हं. एक शनिवार बसू दे."

तो एक शनिवार काही संपला नाही. बाकीचे ऐकणारे होते, पण त्यातले निवृत्त मास्तर चूक काढल्याशिवाय राहीनात, आणि बँकेतल्या एक बाई सारख्या घड्याळाकडे बघत. पोरं भाऊजींच्या खुर्चीपुढे गर्दी करायला लागली. हे ओठांकडे टक लावून बसायचे. मूल हसलं की हसायचे, पान उलटलं की "अच्छा!" म्हणायचे. पोरांनी त्यांचं नाव पेटीआजोबा ठेवलं. शुक्रवारीच त्यांचा शर्ट इस्त्री होऊन दाराला टांगलेला दिसायचा.

शिंपिणीची मुलगी तर त्यांच्याशिवाय कुणापुढे बसायचीच नाही. तिचं पहिलंच अक्षर अडकायचं. तोंड उघडं, मान ताणलेली, चेहरा लाल, आणि शब्द काही बाहेर येत नाही. दुसरं कुणी असतं तर तो शब्द आपणच म्हणून मोकळं झालं असतं. भाऊजींच्या लेखी सगळीच माणसं तशी होती, तोंड उघडतं आणि आवाज येत नाही. ते थांबून राहायचे. मग ती पुढे जायची.

पुढे वाचनालयातच कान तपासायचं शिबिर भरलं, फुकट. बाईंनी आपल्या सगळ्या ऐकणाऱ्यांना हौसेने रांगेत उभं केलं. भाऊजींनी तिथेही मान डोलवली असणार. डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं ते बाईंनी वाचलं आणि त्या खालीच बसल्या म्हणे.

"खुर्ची गेली, वहिनी," भाऊजी घरी येऊन म्हणाले. "माझ्यासमोर तोंड करून बसणारं दुसरं कोण आहे?" आमच्या घरात सगळे त्यांच्या शेजारी बसायचे, समोर कुणी नाही.

पण बाई रागावल्या नाहीत. चार दिवसांनी स्वतः घरी आल्या, शिबिरवाल्यांकडून मिळालेलं कानातलं मशीन घेऊन. खुर्ची तुमचीच आहे, असं मला त्यांच्या कानात ओरडून सांगायला लावलं. घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

मशीन लागलं आणि भाऊजी लहान मुलासारखे घरभर फिरले. नळ ऐकला, खुर्ची सरकवून ऐकली. मांजर ओरडलं तर दचकून म्हणाले, "हे एवढं बोलतं?" मशीन ठेवायला छोटी डबी करायची म्हणून पत्रा घेतला, दोन घाव घातले आणि हातोडी खाली ठेवली. "केवढा कर्कश आवाज आहे हो हा. शेजाऱ्यांनी इतकी वर्षं सहन कसा केला?" डबी मात्र पुरी केली, मशीन काढून ठेवून.

रविवारी फोनसमोर खुर्ची घेऊन बसले. मी पण गेले वर. फोन वाजला, पलीकडचं मलाही ऐकू येत होतं. "बाबा, बरं आहे ना? जेवलात? बरं, ठेवतो." एवढंच. भाऊजींच्या तोंडून अजून हो सुद्धा आलं नव्हतं.

कामात असेल आज, मी म्हटलं. पुढच्या रविवारीही तेवढंच. फोन खाली ठेवून ते म्हणाले, "म्हणजे वहिनी, बाकीचं मीच बोलत होतो."

मग त्यांचं सगळं लक्ष लागलं शिंपिणीच्या त्या मुलीकडे. वाचते काय, आवाज कसा आहे, एवढं तरी ऐकू दे. नेमकी ती आजारी होती, येत नव्हती. बाकीच्या पोरांचं ऐकलं, बरं वाटलं, पण डोळे दाराकडे. ती आली त्या दिवशी हे आधीच सावरून बसले. ती समोर बसली, पुस्तक उघडलं, आणि तिला कानातलं मशीन दिसलं. ती बघत राहिली. मग पुस्तक मिटलं आणि उठून चित्रांच्या पुस्तकांकडे गेली.

बाईंनी कोपऱ्यात नेऊन विचारलं, तेव्हा तिने त्यांच्या कानात कुजबुजून सांगितलं, आता त्यांना ऐकू येतं म्हणून. बाईंनी ते मला सांगितलं आणि मी भाऊजींना. म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. आम्ही मोठी माणसं लपवालपवी करत होतो आणि ती ओळखूनच त्यांच्यापुढे येऊन बसत होती.

"दुसऱ्या कुणाला वाचून दाखवते का?" त्यांनी विचारलं.

नाही, मी म्हटलं. कोपऱ्यात बसून नुसती पानं उलटते.

तो आठवडा ते फारसे खाली आले नाहीत. आले तेव्हा म्हणाले, "आत्ता कुठे तुमच्यात बसल्यासारखं वाटत होतं, वहिनी. तिच्यासाठी मशीन काढलं की मी परत तिकडेच, बहिरा." मी उठून त्यांच्या समोर जाऊन बसले.

शनिवारी मीही सोबत गेले आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसले. भाऊजी तिच्या कोपऱ्यात गेले. तिच्यादेखत मशीन काढलं, डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि डबी तिच्या हातात दिली. तिने डबी कानाशी नेऊन हलवली. आत खुळखुळलं. मग उठली, त्यांच्या खुर्चीसमोर येऊन बसली, डबी मांडीवर ठेवली आणि वाचायला लागली.

मी सगळं ऐकलं. हत्तीला नदी ओलांडायची होती, अशी गोष्ट. नदीच्या 'न'वर ती इतकी अडली की हत्ती बिचारा किती तरी वेळ काठावरच. भाऊजी तिच्या ओठांकडे बघत थांबले. हत्ती पाण्यात उतरला. मग एकदा भलत्याच ठिकाणी "अच्छा!" म्हणाले, हत्ती रडत होता तेव्हा. तिने मान वर करून पाहिलं आणि पुढे वाचलं. पुस्तक संपल्यावर डबी परत दिली. त्यांनी ती तशीच खिशात टाकली. बहुतेक विसरले.

घरी येताना रस्त्यात त्यांनी विचारलं, "आवाज कसा आहे हो तिचा?"

जरा घोगरा आहे, मी सांगितलं. ते मान डोलवून म्हणाले, "हो, हो."

तेव्हा मी त्यांच्या कानाशी गेले, जाऊ जायची तशी, आणि भर रस्त्यात ओरडून तेच परत सांगितलं. माणसं वळून बघायला लागली.

"घोगरा?" ते म्हणाले. "मला वाटायचं, बारीक असेल."