फांदीऐवजी फांदी

दर अठ्ठावीस दिवसांनी मला एका झाडाची फांदी तोडून आणावी लागायची. हौस म्हणून नाही. हौस वगैरे सगळी लॉकडाऊनच्या पहिल्या दोन महिन्यांतच संपली होती. उइटहॉर्न या डच गावातल्या आमच्या घरात वरच्या खोलीत नवऱ्याच्या मीटिंगा, स्वयंपाकघरात माझ्या, आणि जिन्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन लेकीची शाळा. मी मराठीत हाक मारायची, ती डचमध्ये 'थांब' म्हणायची. तीन वेळा खाणं, तीन वेळा आवराआवर, आणि मधल्या वेळात नोकरी. माणूस किती दमू शकतं याला काही धरबंधच नसतो बाई.

फांदी हवी असायची शेजारच्या बाईंना. वय सत्तरीच्या पुढे, फुफ्फुसं अधू, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांना घराबाहेर पडायची सक्त मनाई केलेली. त्या स्वतःला पेगन म्हणवतात, म्हणजे चर्च-बिर्च नाही, झाडं, चंद्र आणि ऋतू हेच काय ते दैवत. त्यांच्या दिवाणखान्यात केल्टिक झाडांचं कॅलेंडर टांगलेलं होतं, गोल, चाकासारखं. तेरा महिने, प्रत्येक महिना अठ्ठावीस दिवसांचा, आणि प्रत्येकाचं एक झाड. बर्चपासून सुरुवात, एल्डरवर शेवट. एवढं करून डिसेंबरातला एक दिवस उरतोच, त्याला झाड नाही. तेरावा महिना ऐकल्यावर मी मनात म्हटलं, घ्या, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

हे सगळं फार प्राचीन असणार असं मला वाटलं होतं. तर बाईच म्हणाल्या, "छे गं, गेल्या शतकात एका कवीने बसल्या बसल्या जुळवलं हे." "मग तुम्ही पाळता कशाला?" असं मी तोंडावर विचारलं. तर म्हणाल्या, "पाळलं म्हणून तर ते माझं झालं." आपल्याकडे तरी प्रत्येक गोष्टीचा पुरावा कुठे मागतो आपण.

त्यांचे यजमान मात्र या प्रकाराला हसायचे. ते खमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, झाडांच्या खात्यात आयुष्यभर नोकरीला. द्राक्षाचा वेल झाड नव्हे, आयव्ही झाड नव्हे, आणि बोरू तर चक्क गवत, असं ते बायकोला दर वर्षी ऐकवायचे. पण ऐकवून झालं की संध्याकाळी मुकाट्याने त्या महिन्याची फांदी आणून टेबलावर ठेवायचे. वीस-पंचवीस वर्षं ठेवली म्हणे.

आता ते गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात होते. स्मृती गेलेली. उन्हाळ्यात एकदा काचेपलीकडून भेट घडवली, तेव्हा त्यांनी बाईंना 'मेव्राऊ', म्हणजे 'बाईसाहेब', म्हणून मान तुकवली, अनोळखी बाईपुढे तुकवावी तशी. पण हातात फांदी दिली की ते अजून झाडाचं नाव सांगत. बाकी सगळे शब्द गेले होते, झाडांचे तेवढे राहिले होते. म्हणून बाईंनी ही रीत काढली. मी फांदी आश्रमाच्या दारात नेऊन द्यायची, तिथली परिचारिका ती त्यांच्या हातात ठेवणार, आणि ते काय म्हणाले ते बाईंना फोन करून कळवणार. महिन्याकाठी एक शब्द. शिवाय रोज चार वाजता बाई तिकडे फोन करत, परिचारिका तो यजमानांच्या कानाशी धरे, आणि बाई दहा मिनिटं एकट्याच बोलत. "ज्याला झाडं कळतात, त्याला माझा आवाजही कुठेतरी कळत असेल," असं म्हणायच्या. एवढ्या एका गोष्टीवर त्या तग धरून होत्या, हे मला पुरेपूर ठाऊक होतं.

मार्चपासून मी अकरा फांद्या नेल्या. वसंतात विलो, उन्हाळ्यात ओक, सप्टेंबरात कोणाच्या तरी परसातल्या द्राक्षाचा तुकडा मागून, मग नदीकाठचा बोरू. प्रत्येक वेळी उत्तर बरोबर. बोरूला तर म्हणाले होते, "गवत." बाई फोनवर हसताना भिंतीपलीकडून ऐकू आल्या.

जानेवारीच्या शेवटी माझी बारावी फांदी आली, लाइस्टरबेस, इंग्रजीत रोवन म्हणतात ते. ते झाड नदीपलीकडे, बंधाऱ्याच्या खाली, सायकलने जाऊन येऊन दीड तास. शाळा पुन्हा बंद. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! त्या दिवशी पाऊस आडवा येत होता, लेक गणितावरून रडत होती, आणि अडीच वाजता माझी मीटिंग. मी नाक्यापर्यंत गेले आणि सायकल थांबवली. सुपरमार्केटच्या मागे 'एस' उभं होतं, म्हणजे अ‍ॅश. पुढच्या महिन्याचं झाड. बाईंनीच दाखवून ठेवलं होतं, "बघ, वर्ष पुरं करणारी तेरावी फांदी तुला किती सोपी."

मी तीच तोडली. मनात म्हटलं, हिवाळा आहे, पान एक नाही, नुसती काडी. कोणाला कळतंय? आणि खरं सांगू, मला त्यात फारसं गैर वाटलंच नाही. आपण अशाच वाढलेल्या. पूजेत वस्त्र नसलं तर वस्त्राऐवजी अक्षता, दागिना नसला तर दागिन्याऐवजी अक्षता. सुपारीचा गणपती होतो. दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाची पानं बिनदिक्कत वाटतो. भाव महत्त्वाचा! तो भाव घेऊन मी काडी दारात दिली आणि मीटिंगला वेळेवर पोचले.

दुसऱ्या दिवशी बाई मागच्या कुंपणाशी आल्या. चेहरा पार उतरलेला. "एस म्हणाला," त्या म्हणाल्या. "लाइस्टरबेस हातात असताना एस. परिचारिकेने दोनदा विचारलं, दोनदा तेच." मग कुंपणावर हात टेकून, "गेली झाडंपण. आता फांदी नको आणूस. चारचा फोनही बंद करते. बोलायचं कोणाशी?"

माझं तोंड उघडलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं, एकच. ते बरोबर आहेत, चूक माझी आहे. मी म्हटलं, "सॉरी." त्यांना वाटलं सांत्वन केलं. आणि सगळ्यात लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी की घरात आल्यावर मला आधी काय वाटलं असेल, तर सुटले! एक काम कमी झालं.

मग दिवस जात राहिले. उद्या सांगू, आज बर्फ पडलाय, आज त्यांचं दार बंद दिसतंय, आज माझंच डोकं दुखतंय. चार वाजले की माझे कान भिंतीकडे लागायचे. पलीकडे काही आवाज नाही. मी पातेली आपटायची, लेकीवर उगाच खेकसायची. नवरा म्हणाला, "तुला झालंय तरी काय?" त्यालाही नाही सांगितलं.

सांगितलं आईला. पुण्याहून तिचा व्हिडिओ कॉल रोजचाच, आणि रोज पहिला प्रश्न, "काय म्हणतेय तुझी झाडवाली?" आठव्या दिवशी मी तिला सगळं सांगून टाकलं, वर मखलाशी केली की आपण नाही का अक्षता वाहत. आई भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"अगं, देवाला चालतात अक्षता, कारण देव काही बोलत नाही. हा माणूस बोलला की! आणि तू त्यालाच खोटं पाडलंस?" मी स्क्रीनकडे बघत राहिले. "बघत काय बसलीस? उठ आणि जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. बाईंनी दार उघडलं. अंगावर कोट होता, पण बूट नव्हते, पायात नुसते मोजे. म्हणाल्या, "पहाटे गेला. झोपेत. कळवेपर्यंत संपलं होतं."

त्या क्षणी गप्प बसणं सोपं होतं. मेलेल्या माणसाबद्दल आता कशाला, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण मला ते उरलेलं आयुष्यभर पेलवलं नसतं. दीड मीटरवर उभं राहून मी सांगितलं. मी कंटाळा केला. ती फांदी एसचीच होती. ते चुकले नव्हते.

बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मग म्हणाल्या, "पान नसताना?"

"हो. एकही नव्हतं."

"म्हणजे नुसत्या कळीवरून. एसची कळी काळी, आणि बोटाला टणक, समोरासमोर जोडीने लागते. बोटाने चाचपून ओळखली त्याने." त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर असा काही अभिमान आला, की मला बघवेना. तो लगेच विझला. "आणि मी आठ दिवस त्याला फोन केला नाही."

मी रडायला लागले. त्या रडल्या नाहीत, मला समजावलंही नाही, आणि का समजवावं? एवढंच म्हणाल्या, "जा. लाइस्टरबेस घेऊन ये. शवपेटीवर ठेवायची आहे."

रस्ते गोठलेले होते. सायकल चालवता येईना म्हणून हातात धरून नेली, पूल ओलांडून, बंधाऱ्यावरून. पाय बधिर झाले. मीटिंग बुडाली, बुडू दे. झाडापाशी पोचल्यावर आधी प्रत्येक कळी तपासली. करडी, जांभळट, लव असलेली. काळी नाही. आई तुळशीला म्हणते तसं "घेते हं" म्हटलं आणि तोडली. परतायला दुपार उलटली.

बाई दारातच उभ्या होत्या. फांदी घेतली आणि डोळे मिटले. अंगठ्याने एकेक कळी सावकाश चाचपली, शेंड्यापासून खालपर्यंत.

"लाइस्टरबेस," त्या म्हणाल्या.

आत घड्याळात चार वाजत होते. त्यांनी खिडकीतल्या फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दार लावून घेतलं.