देवनहळ्ळीची थंडी आणि मातीवरच्या पेट्या

पुण्याहून निघताना आमचे सर म्हणाले, “थंडीत माती झोपते. तिथं मोजायचं काय?” यंदा काही हाती लागलं नाही, तर हिवाळ्यातलं मोजमाप कायमचं बंद, हेही त्यांनी ऐकवलं. मी बॅग उचलली. बंगळुराकडे ऐन डिसेंबरात बंगालच्या उपसागरावरून पाऊस येतो. कोरड्या शेतावर तो पडला की माती नायट्रस ऑक्साइड सोडत असणार, असं मी धरूनच बसले होते. हवा तापवण्यात हा वायू भलताच जबरदस्त.

सकाळी बंगळुरात उतरले तेव्हा दात वाजत होते. देवनहळ्ळीची बस धरली. दोन्ही बाजूंना प्लॉटचे दगड, मधेच एखादा द्राक्षाचा मळा. ज्यांच्याकडे मी मोजमापाला निघाले होते, त्या अक्कांचं रागीचं (नाचणीचं) शेत अशाच दोन लेआउटांच्या (घरांसाठी प्लॉट पाडलेल्या जमिनींच्या) मधे आहे. त्यांचं मराठी घराणं इथं कित्येक पिढ्यांपासूनचं.

“बा (ये) गं, स्वल्प (थोडी) कॉफी घे, मग काम,” त्या म्हणाल्या.

कापणी झालेल्या शेतात मी बिनबुडाच्या पेट्या रोवल्या. झाकण लावायचं, आत साठलेली हवा सिरिंजने काढून बाटलीत भरायची, एवढंच काम. कोरड्या मातीचं मोजमाप झालं. जेवायला मुद्दे (नाचणीचा उकडलेला गोळा) आणि अवरेकाईचं (ओल्या वालाचं) सारू होतं, ते पोटभर चापलं. पाऊस दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होता.

उजाडताच शेतात गेले आणि मटकन खालीच बसले. प्रत्येक पेटीत शेणाचा सडा, भोवती रांगोळी, कडेला भोपळ्याचं फूल. शेणानेही तोच वायू वाढतो. आता पावसाचा किती आणि शेणाचा किती, कोण सांगणार? मला रडूच फुटलं.

“धनुर्मास आहे ना गं,” अक्का गोंधळल्या. “पाहुणीच्या पेट्या, सडा न घालता कशा ठेवू?”

चिडणार तरी कुणावर? मी सगळं समजावून सांगितलं. अक्कांनी आभाळाकडे बघितलं.

“सरी (बरं). पाऊस यायला वेळ आहे. ऊठ.”

खळ्यावरच्या रागीवर घाईघाईने ताडपत्री टाकून त्या माझ्याबरोबर शेताच्या पार टोकाला आल्या. आम्ही पेट्या उपटल्या, धुतल्या, कोऱ्या मातीत पुन्हा रोवल्या. माती बसेपर्यंत थांबणं भाग होतं, आणि ढग तर डोक्यावर आलेले. कोरड्या मातीची शेवटची बाटली बंद केली आणि थेंब पडायला लागले. पावसानंतरच्या बाटल्या अजून भरायच्या होत्या, त्यामुळे माझी रात्रीची परतीची बस माझ्याशिवाय गेली. जाऊ दे म्हटलं.

सकाळी भुरभुर चालूच होती. अक्कांनी छत्री धरली, ती माझ्यावर नव्हे, पेटीवर. बोटं गारठून लाकूड झाली होती, पण एकही बाटली सोडली नाही.

पुण्यात त्या बाटल्या तपासल्या. कोरड्या मातीत वायू जेमतेम, पावसानंतर मात्र आलेख सरळ वर चढला. सरांनी आलेख जवळ ओढला.

“पुढच्या डिसेंबरात जाशील?”

“जाणार,” मी म्हटलं.

बाहेर येऊन अक्कांना फोन लावला.

“ये गं,” त्या म्हणाल्या. “शेत विकत मागणाऱ्या लेआउटवाल्यांना पुन्हा ‘बेडा’ (नको) सांगितलंय. आणि सडा आता फक्त दारात.”