हॅलोकाकांचा कर्नल

गल्लीत त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली, आणि सवय अशी अंगात मुरली की दारावरची बेल वाजली तरी आतून आवाज यायचा, "हॅलो!" म्हणून ते हॅलोकाका. बायकोच्या तोंडी मात्र नुसतं "अहो".

काकांना जन्मापासून दिसत नव्हतं. त्याचं त्यांनी कधी भांडवल केलं नाही की रडगाणंही गायलं नाही. हॉस्पिटलातला कुठला डॉक्टर फोन उचलताना खाकरतो, कुठली नर्स आधी सुस्कारा सोडते, हे त्यांना पाठ होतं. काकू त्याच हॉस्पिटलात चादरी-पडद्यांच्या खोलीत कामाला होत्या. त्यांचा फोन आला की काका लाइन जोडून द्यायला जरा जास्तच वेळ लावायचे. पुढे लग्न झालं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

निवृत्त झाल्यावर ती दोघं सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायला आली. खिडकीपाशी टेबल, टेबलावर जुना संगणक, आणि संगणकासमोर ब्रेलची पट्टी. पट्टी म्हणजे हातभर लांबीची चपटी पेटी. तिच्या पाठीवर बारीक टाचण्यांची रांग. पडद्यावर जी ओळ असेल तीच त्या टाचण्या वर-खाली होऊन उमटवतात, आणि काका बोटानं वाचतात. एक्स्चेंज बदललं तेव्हा ही पट्टी मोडीत निघाली होती. काकांनी साहेबांना विचारून ती घरी आणली. जुन्या धाटणीची असल्यामुळे संगणकाला जोडायला मध्ये एक खास वायर लागायची. त्या वायरीच्या पोटात एक छोटी चिप होती.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग संगणकाची डिस्क गेली. काकांची पुतणी दूरच्या शहरात संगणकाचंच काम करायची. ती सुट्टीला आली तेव्हा तिनं नवी डिस्क बसवली, तिच्यावर संगणक चालवणारी नवीकोरी लिनक्स प्रणाली टाकली, पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा, बोलणारा प्रोग्रॅम चालू करून दिला आणि गाडी पकडायला पळाली. ती गेल्यावर काकांनी पट्टी जोडली. टाचण्या ढिम्म हलल्या नाहीत.

"बोलतोय ना तो?" काकू म्हणाल्या. "मग ऐका की."

काका पट्टीची वायर काढून पुन्हा खोचत राहिले. त्यांचा उजवा कान त्यांना दगा देऊ लागला होता. कानाच्या डॉक्टरांनी हळूच सांगितलं होतं की डावाही त्याच वाटेनं जाईल, कधी ते सांगता येत नाही. काकूंना हे ठाऊक होतं, पण दोघांनी तो विषय घरात काढायचा नाही असं न बोलताच ठरलं होतं. काकांच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. डोळे नव्हतेच. कान निघाले. उरली बोटं, आणि बोटांना ही पट्टी.

त्यांनी पुतणीला फोन लावला. तिनं दुरूनच संगणकात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "काका, पट्टीला काही झालेलं नाही. त्या वायरीशी बोलायचा जो प्रोग्रॅमचा तुकडा असतो ना, तो या नव्या कर्नलमध्ये घातलेलाच नाही. इतकी जुनी वायर आता कोण वापरतंय, असं वाटलं असेल त्यांना."

"मग मिटलं म्हणायचं?"

"छे! मूळ लिखाणात तो आहे अजून. फक्त तयार करताना वगळलाय. तो घालून कर्नल आपणच पुन्हा बांधायचा."

"आपणच म्हणजे कुणी?"

"ज्याला हवा त्यानं. सगळं लिखाण उघडं आहे, काका. कुणीही वाचावं, कुणीही बांधावं."

काकांनी फोन ठेवला. एक्स्चेंजचं कपाट कुलपात असायचं. आयुष्यभर ज्या यंत्राशी गाठ होती त्याचं पोट त्यांना कधी कुणी उघडून दाखवलं नव्हतं, आणि इथे म्हणे सगळं उघडं!

"काय म्हणाली?" काकूंनी विचारलं.

"कर्नल बांधायचाय."

"बांधायचाय? काय गुन्हा केलाय त्यानं?"

काका खो खो हसले. मग त्यांनी समजावलं, की हा लष्करातला कर्नल नव्हे. संगणकाचा हा गाभा. पडदा, कळा, डिस्क, वायरी या सगळ्यांना एकमेकांशी बोलतं ठेवणारा तो. काकू म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही हॉस्पिटलात करत होतात तेच." आणि पोळपाट घ्यायला निघून गेल्या. पण त्या दिवसापासून त्या संगणकाच्या गाभ्याला कर्नलसाहेब म्हणू लागल्या.

पुतणीनं सांगितल्याप्रमाणे काकांनी मूळ लिखाण उतरवून घेतलं. बांधण्याआधी काय काय आत घ्यायचं ते सांगावं लागे. प्रश्नांची रांग काही संपेना. बोलणारा प्रोग्रॅम एकेक प्रश्न वाची आणि काका डावा कान त्याच्याकडे करून ऐकत. अमुक जातीचं घड्याळ हवं का? तमुक कंपनीचा रेडिओ? जहाजावरचं यंत्र? कारखान्यातली तापमापी? कुठल्याशा खेळण्यातलं स्टिअरिंग? प्रत्येकाखाली कुणीतरी समजुतीचे दोन शब्द लिहिले होते, आणि कितीतरी ठिकाणी शेवटी तीच ओळ: खात्री नसेल तर 'नाही' म्हणा.

काकांना ती ओळ भारी आवडली. "किती सभ्य माणसं आहेत बघ," ते काकूंना म्हणाले. "आपण गोंधळणार हे त्यांनी आधीच धरलंय." मग ते धडाधड 'नाही' म्हणत सुटले. त्या वायरीच्या तुकड्याला मात्र त्यांनी 'हो' म्हटलं, आणि म्हणताना कळीवर बोट जरा जास्त वेळ दाबून धरलं.

बांधायला सुरुवात झाली ती सकाळच्या चहानंतर. संगणकाच्या पंख्यानं जो सूर धरला, तो खालच्या सायकलवाल्यालाही ऐकू गेला असणार. ज्या ज्या फायलीवर काम चाललं होतं तिचं तिचं नाव पडद्यावर येत होतं, आणि काकांनी बोलणाऱ्याला ती नावं वाचायला लावलं होतं. त्याची अर्थातच दमछाक झाली. दहा नावं सरकायची तेव्हा तो एखादं वाचायचा. पण काकांना तेवढं पुरे होतं. डिस्का, कॅमेरे, ध्वनी, छपाई, पंखे, बॅटऱ्या... एकेक नाव येई आणि जाई. ही सगळी कुणी लिहिली असतील? किती देशांत, कुठल्या खोल्यांत बसून? एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या माणसांनी लिहिलेले हे तुकडे त्यांच्या स्वैपाकघराला लागून असलेल्या खोलीत, एका जुन्या डब्यात, एकमेकांत सांधले जात होते.

"अगं, इकडे ये. हात लाव," ते म्हणाले.

काकूंनी संगणकावर हात ठेवला आणि चटकन काढला. "अहो, तापलाय केवढा! ताप आलेल्या पोरासारखा." त्यांनी खिडकी सताड उघडली, टेबलफॅन उचलून आणला आणि त्याचं तोंड संगणकाकडे वळवलं. दुपारचं जेवण दोघांनी त्याच खोलीत, त्या घरघरीत उरकलं. आजारी माणसाला एकटं सोडत नाहीत तसं.

उन्हं उतरायच्या सुमारास पंखा मंदावला. काम झालं होतं. आता संगणक बंद करून नव्या कर्नलवर चालू करायचा. पण इथे अडचण होती. सुरू होताना अगदी सुरुवातीला बोलणारा प्रोग्रॅम झोपलेलाच असतो. त्या वेळात काय घडतंय ते काकांना कळायला मार्ग नव्हता. म्हणून काकूंना चष्मा लावून पडद्यासमोर बसवलं. इंग्रजी त्या चादरींवरचे शिक्के वाचून शिकल्या होत्या, तेवढं पुरेसं होतं.

"पळतायत ओळी," काकू म्हणाल्या. "पळतायत... पळतायत... थांबल्या."

"शेवटचं वाच."

"के, ई, आर, एन... कर्नलसाहेबच आहेत. पुढे पी, ए, एन, आय, सी. पॅनिक." त्या चष्म्यावरून पाहू लागल्या. "आता घाबरायचं कुणी? त्यांनी की आपण?"

"आणखी काय दिसतंय?"

"कीबोर्डवरचे दिवे उघडमीट करतायत. काहीतरी बिनसलंय हे तर मलाही कळतंय."

काकांचा चेहरा उतरला. पण पुतणीनं एक गोष्ट बजावून ठेवली होती: जुना कर्नल पुसू नका. काकूंनी बटण दाबून संगणक परत चालू केला, सुरुवातीच्या यादीत एक ओळ खाली येऊन जुना निवडला, आणि बोलणारा पुन्हा बोलू लागला. फोनवर पुतणी खूप हसली. 'नाही' म्हणण्याच्या भरात काकांनी डिस्क वाचायच्या तुकड्यालाही 'नाही' म्हटलं होतं. कर्नल उठला, आणि आपलंच घर उघडता येईना म्हणून उंबऱ्याशी कोसळला.

"त्यानं विचारलं होतं, मीच नको म्हटलं," काका ओशाळून म्हणाले.

"तुम्हाला आग्रहाला 'नाही' म्हणता येत नाही आयुष्यात. इथेच बरं सुचलं," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला काकांनी घाई केली नाही. प्रत्येक 'नाही'च्या आधी थांबून ऐकलं, खालचे समजुतीचे शब्द पुरते ऐकून घेतले, न कळलं तर पुतणीला विचारलं. पुन्हा पंखा घरघरला, पुन्हा टेबलफॅन आला. आणि पुन्हा काकू चष्मा लावून बसल्या.

"पळतायत," त्या म्हणाल्या. "अजून पळतायत."

काकांनी दोन्ही हात पट्टीवर ठेवले होते. एकदम बोटांखाली सरसर झाली. टाचण्या उठल्या होत्या. आधी सगळ्या एकदम, मग खाली, मग फक्त मोजक्या. काकांचं उजवं बोट त्यांच्यावरून गेलं, मागे आलं, पुन्हा गेलं.

"काय हो? काय म्हणतंय?"

"नाव विचारतंय," ते म्हणाले. "माझं नाव विचारतंय."

काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. तो तसा स्वच्छच होता.

खरी गोष्ट त्यानंतर चार-दोन दिवसांनी घडली. पट्टी चालू झाली तसं काकांच्या मनात आलं की जो तुकडा आपल्यासाठी इतका राबतोय तो एकदा वाचावा तरी. कळण्यातलं फार नव्हतं. कंस, चिन्हं, आकडे. बोलणारा ते वाचू लागला की डोकं उठायचं, पण बोटाखाली तेच कसं टापटीप, रांगेत मांडल्यासारखं लागत होतं. मध्येच साध्या इंग्रजीत लिहिलेला मजकूर लागला. काकांनी तो दोनदा वाचला आणि मग काकूंना मोठ्यानं अर्थ सांगितला. लिहिणाऱ्यानं म्हटलं होतं, की या वायरीचा हा जुना प्रकार माझ्याकडे नाही. कागदपत्रं वाचून अंदाजानं लिहिलंय. चालायला हवं. कुणाकडे असेल तर कृपया कळवा.

"म्हणजे त्यानं वायर पाहिलीच नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही ना! हात लावला नाही, डोळ्यानं पाहिली नाही. वाचलं, आणि कुणाला तरी लागेल म्हणून लिहून ठेवलं." काकांचा हात पट्टीवरच होता. "आणि बरोब्बर लिहिलंय गं. एक अक्षर चुकलं नाही."

फायलीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचा ई-मेल पत्ता होता. मजकूर बराच जुना, पत्ता चालू असेलच असं नव्हतं. काकांनी तरी पत्र लिहिलं, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत: तुम्ही विचारलं होतं म्हणून कळवतो, चालतं. मी अंध आहे, त्या वायरीला ब्रेलची पट्टी जोडूनच हे पत्र लिहितोय.

उत्तर आलं तेव्हा काका आंघोळीला गेले होते. बाहेर येऊन ओल्या बोटांनीच वाचायला बसले. समोरचा माणूस आता चांगला पोक्त झाला होता. ते लिहिलं तेव्हा तो कॉलेजात होता म्हणे. इतक्या वर्षांत कुणी एक शब्द कळवला नाही, म्हणून जगात तशी वायर उरलीच नसेल असं त्यानं धरलं होतं, आणि तो तुकडा काढून टाकायची चर्चाही सुरू झाली होती. 'आता काढत नाही,' त्यानं लिहिलं होतं. 'तुमची परवानगी असेल तर तपासणारा म्हणून तुमचं नाव नोंदीत घालतो.'

"म्हणजे कर्नलसाहेबांच्या पोटात तुमचं नाव?" काकूंना खरं वाटेना.

"हो. आणि जगात ज्याच्या ज्याच्याकडे ते लिखाण उतरेल त्याच्याकडे जाणार."

"खरं नाव ना? की हॅलोकाका?"

"खरं."

पुढच्याच वर्षी काकांचा उजवा कान पूर्ण गेला. डाव्याला यंत्र लागलं, तरी गडबडीत काही कळेनासं झालं. काकू आता काही सांगायचं असलं की कळांवर टाइप करतात आणि काका पट्टीवर वाचतात. भांडणंही तशीच होतात. काकूंची टायपिंगची गती त्यामुळे चांगलीच वाढली आहे. नवा कर्नल निघाला की काका तो घरीच बांधतात. आता पुतणीला फोन करावा लागत नाही.

आणि एरवी ते वाचत बसतात. आपल्या उपयोगाचं नसलेलंही. परवा दुपारी काकूंनी टाइप केलं, आज काय चाललंय?

"समुद्राच्या पाण्याचं तापमान मोजायच्या यंत्राचा तुकडा आहे," काका म्हणाले. कान गेल्यापासून त्यांचा आवाज जरा मोठाच निघतो.

आपल्याला काय करायचंय समुद्राचं? काकूंनी टाइप केलं.

"काही नाही गं. पण किती मन लावून लिहिलंय, ऐक," काका म्हणाले, आणि बोट ओळीच्या सुरुवातीला नेऊन मोठ्यानं वाचू लागले. काकू भाजी निवडायची परात घेऊन शेजारी येऊन बसल्या.