समीरला मी थांब म्हणालो

डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी समीर माझ्याकडे लायब्ररीत आला. त्याने एक प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं.

एवढंच झालं. आणि एवढंच मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. एरवी मनातलं सांगायला मला एकच माणूस होता, विन्या. पण ही गोष्ट त्याला कोणत्या तोंडाने सांगितली असती?

समीर त्याचाच मुलगा. विनायकने आणि मी पुण्याला होस्टेलच्या एका खोलीत चार वर्षं काढली, आणि नंतर अमेरिकेतल्या या थंड गावात वीस वर्षं शेजारी राहिलो. मी इथल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरी करतो. निवृत्त झाल्यावर विन्याला थंडी सोसेना, म्हणून तो आणि शुभावहिनी टेक्सासमध्ये प्लेनोला गेले. समीर मात्र इथेच राहिला. इथे जन्मलेला मराठी मुलगा, आणि झाला काय, तर फुटबॉलचा कोच! हेल्मेट घालून, लांबुळका चेंडू घेऊन एकमेकांवर आदळायचा, इथला फुटबॉल. “अंडं घेऊन पळतात लेकाचे,” विन्या म्हणायचा. पण एकही मॅच चुकवायचा नाही. मला डिवचायचा, “तुझ्या पुस्तकांपेक्षा बरं. निदान कोणीतरी बघायला येतं.”

कोणीतरी? आमच्या गावात जेवढी माणसं राहतात त्याहून जास्त त्या स्टेडियममध्ये बसतात.

त्या वर्षी आमच्या युनिव्हर्सिटीची टीम सारखी हरली. मुख्य कोचला काढलं आणि अकरा वर्षं दोन नंबरवर राबणाऱ्या समीरला हंगामी मुख्य कोच केलं. नवा कोच शोधायला समिती नेमली. अशा समितीत खेळातलं काही न कळणारा युनिव्हर्सिटीचा एक माणूस ठेवायची पद्धत आहे. तो माणूस मी.

पहिल्याच बैठकीत कळलं की शोधायचं असं काही नव्हतंच. ठरलेलं होतं. प्रोफेशनल लीगमधला एक मुख्य कोच – टीव्हीवर रोज दिसणारा, मोठा माणूस – त्याला आणायचं. समीरची मुलाखत घ्यायची ती रीत म्हणून. हे टेबलावर कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

मग सुरू झालं वाट पाहणं. किती वैताग होता तो! मोठ्या माणसाचा एजंट सोमवारी म्हणायचा, गुरुवारी कळवतो. गुरुवारी म्हणायचा, त्यांच्या मिसेसना गाव बघायचंय. त्यांच्यासाठी विमान पाठवलं, ते रिकामं परत आलं. पुन्हा पाठवलं. खेळखात्याचा प्रमुख डग रोज आम्हाला बोलावून सांगायचा, आज नक्की. आम्ही मोठी माणसं एका न वाजणाऱ्या फोनभोवती बसून सँडविच खायचो. इकडे समीर रोज पहाटे मैदानावर. डिसेंबरात खेळाडूंना कॉलेज बदलायची मुभा असते, आणि ती मुलं समीरसाठी थांबली होती. तो गेला असता तर निम्मी टीम गेली असती, आणि रिकाम्या टीमकडे मोठा माणूस कशाला येईल?

डगने मला बाजूला घेतलं. तू त्याचा अंकल ना, तुझं तो ऐकतो, म्हणाला. थोडे दिवस त्याला धरून ठेव.

मी नाही म्हणू शकलो असतो. का नाही म्हणालो? तीस वर्षं मी तळघरात जुने कागद लावत होतो. आता कँटीनमध्ये लोक उठून हात मिळवायचे, काय चाललंय विचारायचे, आणि मी गूढ हसायचो. ते मला आवडत होतं. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही, आणि शोधलंय पुष्कळ.

तर तो मंगळवार. प्लेनोपासून अर्ध्या तासावरच्या एका लहान कॉलेजने समीरला बोलावलं होतं – मुख्य कोच नाही, दोन नंबरच, पण पक्की नोकरी. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. तो माझ्या टेबलापाशी उभा राहिला, टोपी हातात घेऊन. लहानपणी मराठीच्या वर्गाला उशीर झाला की असाच उभा राहायचा.

“काका, टेल मी स्ट्रेट. माझा खरंच चान्स आहे का? नसेल तर आय विल गो. बाबांच्या जवळ तरी राहीन.”

“चांगला चान्स आहे,” मी म्हणालो. “थांब.”

“शुअर?”

“मी सांगतोय ना.”

तो हसला. दुसऱ्या कोणाकडून त्याने लेखी मागितलं असतं. इथली रीतच आहे ती. माझ्याकडे कसं मागणार? काकांना कोणी लिहून द्या म्हणतं का?

इथवरचं कदाचित मी कधीतरी कोणाला सांगितलंही असतं. माणूस खोटं बोलतो, नोकऱ्या जातात. पण यापुढचं –

आदल्या रविवारी शुभावहिनींचा फोन आला होता. विन्याच्या फुप्फुसांचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टरांनी महिन्यांची भाषा सोडली होती. “समीरला बोलू नका हं भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “त्याच्या करिअरचा टाइम आहे. उगीच धावत येईल.” आपल्याकडे असंच करतात. मुलांना शेवटपर्यंत कळू देत नाहीत, आणि त्यालाच माया म्हणतात. मी शब्द दिला.

तेव्हा समीर ‘बाबांच्या जवळ’ म्हणाला, त्या क्षणी मला दोन गोष्टी माहीत होत्या. इथे त्याला काही मिळणार नव्हतं. तिथे त्याचा बाप जात होता. वहिनींना दिलेला शब्द मोडायचीही गरज नव्हती. ‘चान्स नाही, जा’ – एवढं म्हटलं असतं तरी तो गेला असता. मी थांब म्हणालो. पाणी प्यायलो आणि पुढच्या बैठकीला गेलो.

समीरने टेक्सासच्या कॉलेजला नकार कळवला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मोठ्या माणसाने आपल्याच जुन्या टीमशी नवा करार केला. आम्हाला ते टीव्हीवरून कळलं. आमचं नाव त्याने भाव वाढवायला वापरलं होतं. डगने शिव्या दिल्या, मीही दिल्या, मोठ्याने. मग घाईघाईत दुसऱ्या एका कॉलेजचा कोच पळवून आणला. समीरची मुलाखत व्हिडिओवर झाली, वीस मिनिटं. मीही त्याला एक प्रश्न विचारला, छापील यादीतला. नव्या कोचने स्वतःची माणसं आणली आणि समीरची ऑफिसची खोली रिकामी करून घेतली.

तो खोके भरत होता, त्या सकाळी विन्या गेला. वहिनींनी समीरच्या आधी मला फोन केला. ते त्याला मीच सांगितलं.

प्लेनोच्या घरी सगळे जमले तेव्हा समीर माझ्या गळ्यात पडून रडला. म्हणाला, “काका, त्या सगळ्यांत ओन्ली यू वेअर स्ट्रेट विथ मी.” वहिनी चहा घेऊन उभ्या होत्या. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. खरं सांगायची ती माझी दुसरी संधी होती. त्यानंतरच्या मी मोजलेल्या नाहीत.

समीर आता प्लेनोच्या एका शाळेत मुलांना फुटबॉल शिकवतो, आईजवळ राहतो. दर रविवारी मला फोन करतो. हरलो, जिंकलो, सांगतो. मी ऐकतो.

लहानपणी दर रविवारी मी त्याला बाराखडी शिकवायचो. प्रॅक्टिस सुरू झाली तसा त्याने वर्ग सोडला. विन्या चिडला होता. मीच म्हणालो होतो, खेळू दे रे.

हे मी मराठीत लिहिलंय. समीरला मराठी वाचता येत नाही.